उंबऱ्याबाहेरची वाटी

ठमाबाईंनी उभा जन्म तवकीर विकलं, पण कितीतरी वर्षं मी त्यांना ते कधी खाताना पाहिलं नव्हतं. हलवायाला गोडाचा कंटाळा येतो, तसं काहीतरी असेल असं मला वाटायचं. मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं होतं. त्यावर त्या नुसत्या हसल्या, आणि ठमाबाई हसल्या की विषय संपला असं समजायचं.

मी शकुंतला. नाशकात पेठ रोडला आमची कॉलनी आहे, तिथं माझं पिको-फॉलचं दुकान. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे आणि भुताखेतांना मज्जाव आहे. वडील म्हणायचे, जे डोळ्याला दिसत नाही आणि हाताला लागत नाही त्याला भ्यायचं नाही. ते मी इतकं मनावर घेतलं की लग्न झाल्यावर सासूलासुद्धा भ्यायले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून शकूच्या डोक्यावर परिणाम झालाय असं कोणी म्हणायला नको.

ठमाबाई आमच्या मागच्या चाळीत राहायला आल्या त्या शहाण्णव सालच्या सुमारास. मूळच्या पेठ तालुक्यातल्या एका डोंगरपाड्यावरच्या. नवरा चिमाजी तापानं गेला, तेव्हा मुलगा लहानूचा हात धरून आणि डोक्यावर एक बोचकं घेऊन त्या सावळघाट ओलांडून इकडं आल्या. अंगानं काटक, कपाळावर गोंदण, चालणं असं की मागून रिक्षा आली तरी रिक्षानंच बाजूला व्हावं. बुधवारी गोदाकाठच्या बाजारात त्यांची बसायची जागा ठरलेली होती. पावसाळ्यात रानभाज्या, आणि दिवाळीनंतर रानहळदीचे कंद आणि त्याचं तवकीर.

रानहळद मला त्यांनीच ओळखायला शिकवली. पावसाच्या तोंडाला हळदीसारखी पानं जमिनीतून वर येतात. श्रावणात पानांच्या मधून गुलाबी-जांभळा तुरा निघतो, त्यात पिवळी फुलं. दिवाळीनंतर सगळं वाळून मातीला मिळतं. उन्हाळ्यात त्याच जागेवरून तुम्ही चालत गेलात तरी खाली काही जिवंत आहे अशी शंकासुद्धा येणार नाही. पण खाली असतो गड्डा, आणि गड्ड्यापासून निघालेल्या मुळ्यांच्या टोकाला पांढरे कंद. या कंदांना त्यांच्याकडचे लोक बोटं म्हणतात. बोटं तोडून घ्यायची आणि गड्डा परत त्याच खड्ड्यात ठेवून माती लोटायची, असा त्यांच्या घरचा नियम. मुका मार लागला, सूज आली, तर गड्ड्याचा एखादा तुकडा उगाळून लावायला चालतो, पण अख्खा गड्डा घरी आणायचा नाही. गड्डा म्हणजे आई, आणि आई जागेवरून हलवायची नसते, असं त्या सांगायच्या. जमिनीत लोखंडही घालायचं नाही, टोकदार काठीनं उकरायचं.

तवकीर करायचं काम मोठं चिकाटीचं. कंद खरवडून धुवायचे, पाट्यावर वाटायचे, वाटण फडक्यात बांधून पाण्यात खळबळायचं. दुधासारखं पाणी खाली उतरतं. ते निवळत ठेवलं की तळाला पांढरा साका बसतो. वरचं पाणी कडू असतं, ते ओतून नवीन पाणी घालायचं, परत निवळू द्यायचं, परत ओतायचं. पाण्यातला कडवटपणा जाईपर्यंत हे चालू. ठमाबाई बोट बुडवून पाणी जिभेला लावायच्या आणि लगेच थुंकायच्या. साका वाळला की शुभ्र, हलकं पीठ होतं. त्याची दुधागुळात खीर होते. लहान मुलाचं पोट बिघडलं की ताकात कालवून देतात, अंगात उष्णता झाली की नुसत्या पाण्यात. आमच्या कॉलनीतल्या बायका उपासाला न्यायच्या, आणि ज्यांना उपास नव्हते त्या आम्हीही न्यायचो.

माझा राजू झाला तेव्हा मला दूध पुरेना. सासूबाईंची शतावरी झाली, डिंकाचे लाडू झाले. एका दुपारी ठमाबाई झाकलेली ताटली घेऊन आल्या. उकडलेले पांढरे कंद, त्यावर मीठ.

"आमच्याकडं बाळंतिणीला हेच देत्यात," त्या म्हणाल्या. "तवकिरानं थंडावा येतो, दूध येत नाय. दूध येतं ते या बोटांनी. आवडलं नाय तरी खा."

चव म्हणाल तर, मातीत पडलेला बटाटा कापराच्या डबीत ठेवला होता असं वाटलं. मी तोंड वाकडं करत खाल्लं. राजूचं पोट भरायला लागलं. ते कंदांनी की शतावरीनं की नुसतं चार दिवस गेले म्हणून, ते मला विचारू नका. पण तेव्हापासून ठमाबाईंचा आणि माझा घरोबा झाला.

आणि घरोबा झाला म्हणून ती वाटी माझ्या नजरेला आली.

तवकिराचा नवा घाणा उतरला की त्या पहिल्यांदा थोडी खीर करायच्या. ती कोणाला द्यायच्या नाहीत. दिवेलागणीला एका छोट्या पितळी वाटीत काढून उंबऱ्याच्या बाहेर, डाव्या कोपऱ्यात ठेवायच्या. सकाळी वाटी रिकामी. नुसती रिकामी नव्हे, पुसून घेतल्यासारखी. त्या ती न बोलता उचलायच्या आणि घासून फळीवर पालथी घालायच्या.

"चाळीतलं मांजर पोसताय तुम्ही," मी एकदा चिडवलं. "तेही खिरीवर! आमच्या नशिबात उकडलेले कंद."

त्या हसल्या नाहीत. पाट्यावरचा हात थांबला. मग त्यांनी सांगितलं. लहानू शाळेत गेला होता, दुपार टळली होती, आणि त्या माझ्याकडं न बघता, समोरच्या पातेल्यातल्या पाण्याकडं बघत बोलत होत्या.

"आमच्या डोंगरावं लय रानहळद व्हती. एका साली नाशकातून यापारी आला. त्याला बोटं नको व्हती, गड्डे पायजे व्हते. औषदाला लागत्यात म्हनला. चिमाजी म्हनले, डोंगरभर हाय, एका सालानं काय व्हतंय. माझ्या आईनं कधी गड्डा उचलला नव्हता, तिच्या आईनं उचलला नव्हता. म्या उचलले. पाट्या भरभरून दिले. फुडल्या पावसात डोंगर हिरवा झाला, पन तुरा एक दिसला नाय."

पाण्यात साका खाली बसत होता. त्या तो हलू नये म्हणून पातेल्याच्या कडेला हात धरून होत्या.

"तवा मी पोटुशी व्हते. थंडीत आमी दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागंत कामाला गेलो. तिथंच झोपडीत पोर झाली. मला दूध आलं नाय. मी चिमाजीला म्हनले, डोंगरावं जा, बोटं आन. ते गेले आन रिकाम्या हातानं आले. कुठून आनतील? डोंगर म्याच रिकामा केला व्हता. साखरंचं पानी पाजलं. पोर लय रडायची. मग रडायची थांबली, तवा मला वाटलं झोपली. मी पन झोपले, शकू. लय दिसांनी झोप लागली मला."

पातेल्याच्या कडेवरचा हात तसाच ठेवून त्या पुढं सांगू लागल्या.

"तिला पाड्यावर नेली. आमच्यात लहान लेकरू जाळत नाय, पुरत्यात. घरात टोपल्याखाली एक गड्डा ऱ्हायला व्हता, वाळून लाकूड झालेला. तो तिच्या छातीशी ठेवला आन माती लोटली. दूध नाय तर नाय, तेवढं तरी. फुडल्या पावसात तिथं पान वर आलं. आता बांधाला धरून मोठं बेट झालंय. पाड्यातलं कोनी हात लावत नाय. ते तिचं हाय."

"आणि वाटी?"

"भुकेली गेली ना ती. तिचं बारसं पन झालं नव्हतं. हाक मारायची तर नाव नाय. म्हनून नुसती वाटी ठेवते."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी वाद घालते, तशी माझी खोडच आहे. मी म्हणाले, "ठमाबाई, वाटी मांजर चाटतं. मी स्वतः बघितलंय."

"चाटत आसंल," त्या म्हणाल्या. "त्याच्या पोटात कोन बसून खातंय, ते तुला दिसतंय का?"

मी दुकान उघडायला गेले.

तेव्हापासून मला त्या घरात गेलं की उगीच डाव्या कोपऱ्याकडं बघायची सवय लागली. तवकीर निवळत ठेवलेलं असलं की पातेल्यापाशी आवाज करावासा वाटायचा नाही. ठमाबाई तर पाणी ओतताना असा कान देऊन असायच्या की जणू कोणी पलीकडच्या खोलीत उठतंय. पावसाळ्यात एकदा तरी त्या पाड्यावर जाऊन यायच्या. आल्यावर एवढंच सांगायच्या, "फुललीय." विकायचे कंद त्या हरसूलकडच्या बायकांकडून घ्यायच्या. त्या बेटातलं बोट कधी त्यांच्या पाटीत आलं नाही.

वर्षं गेली. लहानू मोठा झाला, टेम्पो चालवायला लागला. सुरगाण्याकडची पल्लवी त्यानं करून आणली. गोल चेहऱ्याची, कामसू आणि बोलायला चुणचुणीत. सासूला आत्याबाई म्हणायची आणि त्यांना खळखळून हसवायची, जे आम्हाला दहा वर्षांत जमलं नव्हतं. दोन हजार सहाच्या फाल्गुनात तिला मुलगी झाली. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच.

आणि पल्लवीला दूध आलं नाही.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. धीर धरा म्हणाल्या, बाळाला सारखं पाजायला घ्या, आईला खाऊपिऊ घाला, येईल. पण बाळ ओढायचं आणि रडायचं. डब्याचं दूध सुरू केलं तर जुलाब लागले. दवाखान्यात ठेवलं, सलाईन लावलं, जरा बरं वाटलं म्हणून घरी आणलं, तर परत तेच. हातापायाच्या काड्या झाल्या. टाळू खोल गेली. मी रोज दुकान बंद करून जायचे आणि रोज ते बाळ कालच्यापेक्षा लहान झालेलं दिसायचं.

बाळापेक्षा मला ठमाबाईंची भीती वाटायला लागली. बाळ रडत असलं की त्या शांत असायच्या. स्वयंपाक करायच्या, धुणं धुवायच्या. बाळ गप्प झालं की हातातलं टाकून धावत यायच्या. "का गं थांबली ही? रडव तिला. पल्लवी, रडव तिला!" एकदा तर नुकतं कुठं डोळा लागलेलं लेकरू त्यांनी तळपायाला चिमटा काढून जागं केलं. लहानू ओरडला, "आई, येड लागलं का तुला?" त्यांनी ऐकलंच नाही. बाळाचा टाहो फुटला तेव्हा त्या भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते बघवत नव्हतं.

डब्यात तवकीर होतं. ते बाळाला पाण्यातून दिलं, पल्लवीला खीर दिली. पण दूध आणायला ओले कंद हवे होते, आणि ओले कंद त्या वेळी मिळणार कुठून? हरसूलच्या बायकांनी आपले कधीच विकून टाकले होते. डोंगरात जावं तर फाल्गुनात रानहळदीचं वाळकं पानसुद्धा वर राहत नाही. जागा पाठ असेल त्यालाच ती सापडणार. ठमाबाईंना डोळे मिटूनही सापडेल अशी एकच जागा होती. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. दोन दिवस आम्ही दोघी एकमेकींकडं बघत होतो आणि कोणीच बोलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या दुकानात आल्या. मी मशीनवर होते.

"शकू, तू भुताला भीत नाय ना?"

"नाही."

"मग माझ्यासंगं चल. माझ्यानं खोदवायचं नाय. तू खोद."

माझा पाय मशीनवरच राहिला. मी आयुष्यभर जे छातीठोकपणे सांगत आले होते, त्याची अशी वसुली होईल असं वाटलं नव्हतं.

पेठच्या एसटीनं आम्ही गेलो. पुढं डोंगरवाट. ऊन रणरणत होतं. भाताची खाचरं भेगाळली होती, मोहाची पानगळ झालेली. पाड्याच्या बाहेर एका उतारावर बांध, बांधाला एक वाकडं मोहाचं झाड. झाडाखाली ठमाबाई थांबल्या. मला तिथं काहीच दिसेना. वाळका पाला, खडे, मुंग्या. माणसानं जेवायला बसावं अशी साधी जागा.

"इथं," त्या म्हणाल्या, आणि मला काठी देऊन झाडाच्या पलीकडं, माझ्याकडं पाठ करून बसल्या.

मी माती उकरायला लागले. वरची टणक होती, खाली भुसभुशीत लागली. काठी टाकून मी हातानं माती काढू लागले. मनात वडिलांचं वाक्य घोकत होते, हाताला लागत नाही त्याला भ्यायचं नाही. पण इथं हाताला लागणारच होतं, आणि काय लागेल ते मला ठाऊक नव्हतं. पहिला पांढरा कंद बोटांना लागला तेव्हा मी किंचाळले. गार होता. ‘बोटं’ हा त्यांच्याकडचा शब्द मी दहा वर्षं ऐकत होते, पण एवढीशी, गोलसर, पांढरी बोटं मातीतून माझ्या हातात येत होती तेव्हा तो शब्द नको वाटला. माझे दात वाजत होते. भर उन्हात.

"गड्डा ठेव," पलीकडून आवाज आला. "गड्ड्याला धक्का लावू नको."

"नाही लावत."

"रडती का ती?"

मी हात थांबवला. झाडावर होला घुमत होता, बाकी काही नव्हतं. "नाही ठमाबाई. कोणी रडत नाही."

मी पाटीच्या तळाला पुरतील एवढी बोटं काढली. शेवटच्या मुळीला काहीतरी अडकलं होतं. खडा असेल म्हणून मी अंगठ्यानं पुसलं. काळा काचेचा मणी होता. लहान मुलांच्या मनगटात दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसला. त्याच्या भोकातून मुळी आरपार गेली होती आणि पुढं जाऊन तिला कंद धरला होता.

मणी लपवावा असं एक क्षणभर मनात आलं. ठमाबाईंना दाखवला तर त्या सगळं परत मातीत घालतील आणि तिकडं ते बाळ जाईल. पण ती वस्तू माझी नव्हती. मी उठले आणि मुळीसकट त्यांच्या ओंजळीत ठेवला.

त्यांनी अंगठ्यानं मणी चोळून पुसला. मग म्हणाल्या, "म्याच ओवला व्हता." आणि मोठ्यानं रडल्या. मी इतक्या वर्षांत त्यांना रडताना बघितलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले आणि मीही रडले. रडून झाल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं, खड्ड्यापाशी आल्या, स्वतःच्या हातानं गड्ड्यावर माती लोटली आणि वरून सारखी केली, थोपटल्यासारखी.

परतीच्या एसटीत बोटांचं गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं. खिडकीतून ऊन येत होतं. कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि म्हणाला, "मावशी, लेकराच्या तोंडावर ऊन येतंय, पदर घ्या." मी त्याला सांगणार होते की ते लेकरू नाही. पण ठमाबाईंनी मुकाट्यानं गाठोड्यावर पदर ओढला, आणि मग मलाही बोलवेना.

घरी आल्यावर त्यांनी बोटं धुतली, उकडली, सोलली. ताटली पल्लवीपुढं ठेवली आणि हात मागं घेतला नाही.

"न सांगता खाऊ घालायचं नाय," त्या म्हणाल्या, आणि सगळं सांगितलं. लहानू दारात उभा होता. आपल्याला एक बहीण होती हे त्याला माहीत होतं, पण तिला पुरलं तिथं उगवलेलं बेट आईनं आज खोदलं हे ऐकून तो बाहेर निघून गेला. पल्लवी ताटलीकडं बघत राहिली. मांडीवरचं बाळ आता रडतही नव्हतं, नुसतं ओठ हलवत होतं. मला वाटलं ही पोर आता ताटली सरकवणार, आणि सरकवली तर कुठल्या तोंडानं खा म्हणायचं तिला?

पल्लवीनं एक बोट उचललं.

"नणंदेनं बाळंतविडा पाठवलाय," ती म्हणाली. "नाय कसं म्हणू, आत्याबाई?"

आणि तिनं खाल्लं. तोंड वाकडं न करता, एकेक करून सगळं. ठमाबाई तिच्याकडं अशा बघत होत्या की त्या क्षणी त्यांना दोन लेकी होत्या असं मला वाटलं.

दूध लगेच आलं नाही. दोन दिवस तीच बोटं, तीच वाट बघणं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्याही बदलून दिल्या होत्या. मग एका पहाटे पल्लवीचा ब्लाउज भिजला. बाळानं तोंड लावलं आणि घुटके घ्यायला लागलं. तो आवाज ऐकायला मी तिथं नव्हते, पण ठमाबाईंनी मला इतक्या वेळा करून दाखवला की ऐकल्यासारखाच आहे. गोळीनं आलं की बोटांनी, ते मला याही वेळी विचारू नका. बाळ पिऊन झोपलं आणि ठमाबाईंनी त्याला उठवलं नाही, हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

बारसं लांबलं होतं, ते बाळ बाळसं धरल्यावर केलं. चाळीतल्या आणि कॉलनीतल्या बायका जमल्या. पाळणा सजला, घुगऱ्या झाल्या. बाळाच्या मनगटात नवी मनगटी होती, आणि नव्या मण्यांत एक जुना, तकतकी गेलेला काळा मणी. बघणारीला कळणार नाही, पण मी बघत होते.

"चला, आत्याला बोलवा," कोणीतरी म्हणालं. "नाव कानात सांगायला आत्या लागते."

लहानूला बहीण नाही हे चाळीला माहीत होतं. एक बाई म्हणाली, शकुताई सांगतील, त्या घरच्याच आहेत. मी पदर खोचून पुढंही झाले. तेवढ्यात पल्लवी म्हणाली, "आत्या हाय तिला."

बायका इकडंतिकडं बघायला लागल्या. पल्लवीनं बाळाची मनगटी सोडली, तो जुना मणी वर आणला आणि सासूकडं बघितलं.

"पन आत्याबाई, जिचं तिला नाव नाय, ती हिचं नाव कसं ठेवंल? आधी तिचं ठेवा."

ठमाबाईंचा चेहरा पांढरा पडला. इतकी वर्षं त्या वाटी ठेवत होत्या, डोंगर चढत होत्या, पातेल्यातल्या पाण्याला कान लावत होत्या, पण हे त्यांच्या मनात आलं नव्हतं. किंवा आलं असेल आणि धीर झाला नसेल. लहानू पुढं आला आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"झुंबर," ठमाबाई म्हणाल्या. मग जरा मोठ्यानं, "झुंबर. तवाच ठरवलं व्हतं म्या."

चौदा-पंधरा वर्षं ते नाव त्यांच्या तोंडात होतं आणि त्यांनी ते गिळून ठेवलं होतं! पल्लवीनं मणी मुठीत धरला, मूठ बाळाच्या कानाशी नेली आणि म्हणाली, "झुंबरताई, सांगा नाव." बाळाचं नाव सृष्टी ठेवलं.

आता रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे. बायका घुटमळल्या. मी म्हणाले, "माझ्या पाठीत घाला, तिच्या वतीनं." बायकांना तेवढंच हवं होतं. हसत हसत माझी पाठ चांगली कुटून काढली त्यांनी.

त्या संध्याकाळी ठमाबाईंनी खीर केली. दिवेलागणीला पितळी वाटी भरली आणि उंबऱ्याबाहेर डाव्या कोपऱ्यात ठेवली. या वेळी त्यांनी हाक मारली.

"झुंबर, ये गं बाई. जेवून घे."

मी घरी आले. माझे मिस्टर, धम्मपाल, म्हणाले, तुझा चेहरा असा का झालाय. मी म्हटलं, पाठ दुखतेय.

सकाळी मी सगळ्यांच्या आधी तिथं गेले. खोटं कशाला बोलू, मी मांजरासाठी गेले होते. मांजर चाळीच्या पायरीवर अंग चाटत बसलं होतं. वाटी भरलेली होती. खिरीवर साय धरली होती, त्यावर एक ओरखडा नव्हता, मुंगी नव्हती. मांजरानं माझ्याकडं बघितलं, वाटीकडं बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं.

दार उघडलं. ठमाबाई बाहेर आल्या, वाटीकडं बघत उभ्या राहिल्या. आत बाळ रडलं, पल्लवीनं घेतलं असावं, गप्प झालं. ठमाबाई आत धावल्या नाहीत.

"पोट भरलं तिचं," त्या म्हणाल्या.

मग त्या उंबऱ्यावर बसल्या, वाटी मांडीवर घेतली आणि बोटानं खीर खायला लागल्या. पहिला घास त्यांनी तोंडात नुसता धरून ठेवला. सवयीनं आता थुंकतील असं मला वाटलं. पण त्यांनी तो गिळला.

"गोड हाय गं," त्या मला म्हणाल्या, आणि वाटी पुसून खाल्ली.